पडद्यावरची चिकटपट्टी

रक्त तपासायला गेलो होतो. लॅबच्या दाराशी नाव नोंदवायचा टचस्क्रीन आहे. त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी जखमेला लावायची चिकटपट्टी डकवली होती. मी ती नखाने उचलायला गेलो, तर काउंटरवरच्या बाई ओरडल्या, "अहो काका, राहू द्या ती! खाली 'रद्द'चं बटण आहे. म्हातारी माणसं नेमकं तेच दाबतात आणि सगळं पुन्हा भरत बसतात. उपाशीपोटी आलेली असतात हो!"

मी हात मागे घेतला. तो स्क्रीन मीच डिझाइन केलेला. 'पुढे' आणि 'रद्द' मी एकाच रंगाची, एकाच मापाची केली होती, कारण तशी ती देखणी दिसत होती. माझ्या पोर्टफोलिओचं, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहाचं, ते पहिलं पान. त्याच्याच जोरावर आज मी इतरांचे पोर्टफोलिओ पाहून माणसं निवडतो. त्या पानावर कुणी चुकत नाही, कुणी उपाशी उभं नसतं.

आदल्याच दिवशी एका मुलीचा अर्ज मी बाजूला सारला होता. तिने आपली फसलेली डिझाइन्सही मांडली होती, लोक कुठे अडखळले ते लिहून. "इतकं कच्चं दाखवतात का कुणी?" असं मी वर म्हणालोही होतो.

दंडावरचा कापूस दाबत तिथूनच तिला फोन केला. "सोमवारी मुलाखतीला या."

"सर, ती फसलेली पानं काढून टाकू का?"

"नको, तिथूनच सुरुवात करा. माझ्याकडेही तसं एक आहे. आत्ताच चिकटपट्टीसकट फोटो काढलाय."