वहिनीचा हिवाळा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमचा दादा थंडीचा निकाल लावायचा. औंदा कडक, की औंदा नरम. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातले त्याचे सकाळी फिरायला जाणारे मित्र गमतीनं विचारायचे, "काय नामदेवराव, रजया उन्हात घालायच्या का?" आणि हा असा गंभीर चेहरा करून उत्तर द्यायचा, जसा काही सरकारनं याला त्याचाच पगार दिला. कसलं काय! वीज खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली त्यानं. भूगोल शिकवते मी, नारायणगुड्याच्या शाळेत. पण आमच्या घराण्यात हवामान फक्त पुरुषांना कळतं, कारण आमचे आजोबा परभणीकडं शेती करायचे आणि मुंग्या बघून पाऊस सांगायचे. मुंग्या काय मला दिसत नाहीत?

लोकांना ती गंमत होती. माझ्या वहिनीला ती शिक्षा होती. दादा "कडक" म्हणाला की तिची चार महिने मुंबईला रवानगी. "नरम" म्हणाला तर ती आपल्या घरात राहणार.

कारण तिचा दमा. त्र्याण्णवच्या जानेवारीत एका पहाटे तिचा श्वास असा अडकला, की दादानं तिला ऑटोत घालून, छातीशी धरून दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती तिथं होती. डॉक्टर म्हणाले, हिला थंडी सोसत नाही, हिवाळ्यात समुद्राकाठी ठेवता आलं तर बघा. दादा-वहिनीचा एकुलता एक मुलगा हर्षवर्धन मुंबईतच होता. झालं, ठरलं. त्या पहाटेपासून दादाच्या मनात जी धास्ती बसली ती उठलीच नाही. पुढची तीन वर्षं त्यानं ओळीनं "कडक" असाच निकाल दिला. त्या तिन्ही हिवाळ्यांत मी माझा स्वेटर ट्रंकेतून काढलासुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचा, "पडली ना कडक, पण वर दिल्लीकडं पडली."

आता वहिनी म्हणजे कोण ते सांगते. पद्मावती, माहेर नांदेडचं, एकोणिसाव्या वर्षी हैदराबादेत आली. अंगानं एवढीशी. भाजीवालीशी तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी उर्दू, आणि दोन्हींत भांडताना मराठी. दमा असलेली ही बाई वर्षाच्या मिरच्या आणायला स्वतः बेगम बाजारात जायची! पदर नाकाला लावून, खोकत खोकत दहा दुकानं पालथी घालायची आणि शेवटी घ्यायची पहिल्याच दुकानातून. मी ओरडले की म्हणायची, "नक्को इंदुताई, दुसऱ्यानं आणलेली मिरची मला लागत नाही." माझं आणि तिचं नणंद-भावजयीचं नातं, पण भांडण व्हायचं ते नेहमी माझं आणि दादाचं, तिच्यावरून.

मुंबईत काय होतं? चौदावा मजला. नव्यानं आलेल्या एका परदेशी कंपनीत हर्षला मोठी नोकरी लागली होती. सून रश्मी दादरची, तीही नोकरीवाली. दोघं आठला बाहेर पडायची ती नऊला परत. धूळ नको म्हणून खिडक्या बंद. टीव्हीवर चाळीस चॅनेल. वहिनी परत आली की म्हणायची, "चाळीस जण बोलतात हो तिथं, पण माझं एक जण ऐकत नाही." पोरं वाईट नव्हती. तीच तर अडचण. वाईट असती तर भांडता आलं असतं.

एकदा ती माझ्याजवळ रडली. ती रडणारी बाई नाही, म्हणून सांगते. म्हणाली, "इंदुताई, या गावात नऊ महिने घाम पुसायचा, टँकरची वाट बघायची. माणसासारखं जगायला दोन-तीन महिने मिळतात. हरभऱ्याची जुडी येते, पेरू येतात, अंगणात ऊन गोड लागतं, नुमाइश भरते. वर्षभर ज्याची वाट बघायची, नेमकं तेच हे माझ्याकडून काढून घेतात." माझं डोकं असं फिरलं म्हणता! नुमाइश म्हणजे आमच्याकडं जानेवारीत भरणारं मोठं प्रदर्शन; या बाईनं ते लग्नापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. नामपल्लीच्या त्या गर्दीत ती बांगड्यांच्या दुकानात तास तास घालवायची, आणि दादा बाहेर पिशव्या धरून उभा. तीन वर्षं तेही बंद.

शहाण्णवचा दसरा आला. दादानं पुरावे गोळा करायला सुरुवात केली. स्कूटरच्या सीटवर दव लवकर पडलं, ही एक खूण. मुंग्या भिंत चढून माळ्यावर गेल्या, ही दुसरी. तिसरी आणि सगळ्यांत पक्की म्हणजे खोबरेल. दिवाळीच्या आत बाटलीतलं खोबरेल थिजलं तर थंडी कडक, असा त्याचा कायदा होता. रोज सकाळी उठला की हा न्हाणीघरातली बाटली उलटी करून बघणार. आणि औंदा तेल काही केल्या थिजेना. पाण्यासारखं वाहायचं. दादा चक्रावला. "दोन खुणा एकीकडं आणि तेल एकीकडं, असं कसं?" म्हणून त्यानं निकाल दिवाळीपर्यंत पुढं ढकलला.

मला गुपित ठाऊक होतं. वहिनी निजायच्या आधी बाटली उचलून फ्रिजच्या मागं ठेवायची. तिथं रात्रभर ऊब. पहाटे दादा उठायच्या आत पुन्हा न्हाणीघरात. मला सांगताना तिचे डोळे असे चमकत होते, की मीही म्हटलं, हौ, बरोबर आहे तुझं, ठेव. आत कुठंतरी मला भीतीही वाटत होती. पण ती तेव्हा मी बोलले नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी मुंबईचा फोन आला. हर्ष आंघोळीला गेला होता, म्हणून रश्मी बोलली. "आई, तब्येत कशी आहे? त्रास नाही ना?"

वहिनी खुशीत होती. म्हणाली, "अगं ठणठणीत आहे. परवा एकदा श्वास अडकला होता, तेवढंच. तेव्हापासून काही नाही."

आता हे परवा! आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांचं परवा म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. परवा म्हणजे गेल्या आठवड्यात, परवा म्हणजे गेल्या वर्षी, परवा म्हणजे कुणाच्या तरी बारशाला, आणि ते बारसं झालेलं पोर आता कॉलेजात जातं. आमच्या शेजारपाजारच्या दखनीत परसों असंच चालतं, आणि चाळीस वर्षं त्यांच्यात राहून आमचं परवाही तसंच सैल झालं. पण दादरच्या पोरीला हे कुठून माहीत असणार? तिचं परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस. तो शुक्रवार. वहिनीनं फोन ठेवला आणि चकलीचं पीठ मळायला बसली. तिकडं मुंबईत हाहाकार उडाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्ष दारात. विमानानं आला होता, टायसकट. शाळेला दिवाळीची सुट्टी होती म्हणून मीही तिथंच चकल्या तळत होते. बूटसुद्धा न काढता आत आला आणि ओरडला, "परवा अटॅक आला आणि मला कुणी कळवत नाही? आत्या, तू पण?"

दादा पांढराफटक पडला. "अटॅक? कुणाला?"

"आईला! परवा!"

"अरे, परवा म्हणजे तेव्हाचं रे," वहिनी म्हणाली. "त्र्याण्णवचं. दवाखान्यात होते ते."

मला असं हसू फुटलं की चकली तेलात करपली. हर्ष हसला नाही. टाय सैल करून तो मटकन खुर्चीत बसला. मी म्हटलं, "शहाण्या, या घरात वाढलास आणि तुला परवा कळेना?" त्याचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा मला त्याची दयाही आली. विमानभर बिचारा आईचं काय काय मनात आणत बसला असेल.

पण त्यानं लगेच स्वतःला सावरलं. खिशातून दोन तिकिटं काढली. "बरं, झालं ते झालं. संध्याकाळचं विमान आहे. आलोच आहे तर आईला घेऊन जातो. बाबा, औंदा थंडी कशी आहे?"

सगळे दादाकडं बघायला लागले. दादा म्हणाला, "बाकीच्या खुणा कडक सांगतात. पण तेल नरम सांगतंय. तेल कधी चुकत नाही." हे बोलताना त्याचा आवाज कसा हलका झाला होता! त्यालाही तिला पाठवायचं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मला वाटलं, जिंकलो. वहिनीनं आता फक्त गप्प बसायचं होतं.

ती गप्प बसली नाही. पिठाचे हात पुसून उभी राहिली. "तेल मी रोज फ्रिजच्या मागं ठेवते. त्याच्यावर जाऊ नका. थंडी कडकच पडणार. माझी छाती आठ दिवसांपासून सांगतेय."

मी कपाळाला हात लावला. दादा एकदम चिडला, "मग हा चल म्हणतो तर जायला काय होतं? मरायचं आहे का तुला?"

"ओरडू नका," ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्ही मुंग्या बघितल्या, दव बघितलं, तेल बघितलं. मला एकदा तरी विचारलंत, पद्मा, तुला काय पाहिजे? चोरून बाटल्या हलवायची वेळ आली माझ्यावर, माझ्याच घरात. लाज वाटली मला. आता खरं सांगून राहणार आहे. थंडी कडक पडू द्या, नाही तर बर्फ पडू द्या. मरण काय, कुठंही गाठेल. पण जगायचं कुठं, ते मी ठरवणार."

"आई, हट्ट करू नकोस," हर्ष म्हणाला.

"हौ, हट्टच आहे. साठ वर्षांत पहिला आहे, करू दे."

हर्ष संध्याकाळी एकटा गेला. जाताना आईच्या पाया पडला. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, मला माहीत आहे, पण ती तसूभर हलली नाही. आणि वेडेपणाही केला नाही. तिसऱ्या दिवशी मला घेऊन स्वतः डॉक्टरकडं गेली, तोंडात मारायचा पंप मागून घेतला, आरशासमोर उभी राहून तो वापरायला शिकली. ऊन वर आल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही, हेही तिनंच ठरवलं.

थंडी पडली. अशी पडली की बरकतपुऱ्यात सकाळी शेकोट्या पेटल्या आणि मी दोन स्वेटर एकावर एक घातले. डिसेंबर तिनं पंपावर काढला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र छाती भरली. पाच दिवस दवाखाना, नाकाला नळी. दादा तिथल्या बाकावरून हलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते, हिला साथ दिलीस ना, घे आता.

घरी आणली त्या दुपारी हर्षचा फोन आला. वहिनी उशांना टेकून बसली होती, बोलायला श्वास पुरत नव्हता. फोन दादानं घेतला. हर्ष इतका मोठ्यानं बोलत होता की पलंगापर्यंत ऐकू येत होतं. "बाबा, मी सांगितलं होतं ना? तुम्हीही म्हणत होता ना? आता तरी पाठवा तिला. परवाची, म्हणजे बुधवारची तिकिटं काढतो."

वहिनी दादाकडं बघत होती. तिला काही म्हणता येत नव्हतं, सगळं याच्यावर होतं. आणि माझा भाऊ कसा आहे, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. आयुष्यात साहेबाला नाही म्हणाला नाही, पोराला नाही म्हणाला नाही. मी डोळे मिटून घेतले.

"सांगितलं होतंस," दादा म्हणाला. "मीही म्हणत होतो. आपलं दोघांचं बरोबर आलं. पण ती येणार नाही. औंदाही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. तिला इथं राहायचंय. तुला भेटावं वाटलं तर तू ये, तिच्याशी बोलत बस चार दिवस. तिकीट काढू नकोस."

मी डोळे उघडले. दादाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि फोन त्यानं अजून कानालाच धरला होता.