संशय कुणावर घ्यायचा

आमचे वडील येडशीजवळ रेल्वेत गँगमन होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. रूळ बघत चालायचं, ढिला झालेला बोल्ट पान्यानं आवळायचा, हे त्यांचं काम. आणि जेवणाच्या सुट्टीत स्टेशनाबाहेरच्या लिंबाखाली बसून रहस्यकथा वाचायच्या, हा शौक. पुस्तक त्यांनी कधी विकत घेतलं नाही. उतारू गाडीत विसरून जायचे आणि स्टेशनमास्तर ती पुस्तकं आबांसाठी बाजूला काढून ठेवायचे. लहान आकाराची, पिवळ्या कागदाची, वर पिस्तूल रंगवलेलं. त्यांतला गुप्तहेर मुंबईचा, बंगला समुद्राकाठचा, आणि खून झाला की पहिला संशय घरगड्यावर. आबांचं वाचून झालं की मीही ती पुस्तकं वाचायची.

बहात्तरच्या दुष्काळात मी नुकतीच गावच्या शाळेत शिकवायला लागले होते. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गावातल्या पिण्याच्या विहिरी आटल्या होत्या, एकीलाच काय ते पाणी होतं. सोसायटीनं तिच्यावर तेलावर चालणारं इंजन बसवलं होतं. त्या इंजनाला एक खोड होती. चालता चालता मधेच एक ठोका गिळायचं आणि मग खोकल्यासारखा आवाज काढून पुन्हा सुरू व्हायचं. पोरं त्याची नक्कल करायची.

एके दिवशी सकाळी विहिरीवर इंजन नव्हतं. बोल्ट नीट सोडवून बाजूला ठेवलेले होते. पोलीसपाटील आले, चौकीवरून हवालदार आला.

"असे बोल्ट काढायला पाना लागतो," हवालदार म्हणाला. "गावात पाना कुनाकडं असतो?"

"रेल्वेवाल्याकडं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आबा डोक्याला पटका बांधून कामावर निघाले होते. हवालदार दारातच आला. "चला, चौकीत बोलवलंय."

"सायेब, इंजन घिऊन म्या काय करू?" आबा म्हणाले. "मला ना रान, ना हिर."

"ते तिथं सांगा."

आबांनी पटका सोडून पुन्हा नीट बांधला आणि गेले. वस्तीतली माणसं दारादारांत उभी होती. मी शाळेत गेले नाही. आईनं चूल पेटवली नाही.

ऊन चढल्यावर आई आणि मी पाण्याला गेलो. इंजन नसल्यामुळं बाया दोरानं पाणी शेंदत होत्या. आई एकाएकी थांबली. वरच्या मळ्याकडून आवाज येत होता. टुकटुक, टुकटुक, मग एक ठोका गिळलेला, आणि खोकला. मी तो सकाळपासून ऐकत होते आणि तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाकीच्या बायांच्या आलं होतं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं तशा त्या खाली बघायला लागल्या.

"आपलंच इंजन हाय न्हवं ते?" आई म्हणाली.

"गप बस की बाई," एक म्हातारी म्हणाली. "सोसायटीच्या संचालकाचा मळा हाय त्यो."

"मळा कुनाचा बी असूद्या. माझा मानूस चौकीत हाय."

आईनं घागर तिथंच ठेवली आणि चालायला लागली. मी मागोमाग. थोड्या वेळानं ती म्हातारी आली, मग आणखी दोघी आल्या. पोलीसपाटील ओसरीवर बसले होते. आईनं सगळं सांगितलं. ते मानेवरचा घाम पुसत राहिले. "बरं, बघतो मी. तुमी जा आता."

"तुमी बघून येस्तवर हितंच बसते," आई म्हणाली, आणि ओसरीच्या पायरीवर बसली. आम्हीही बसलो. शेवटी ते उठले, पायात वहाणा घातल्या आणि मळ्याकडं गेले.

दिवे लागायच्या आत आबा घरी आले. इंजन विहिरीवर परत आलं. सोसायटीच्या त्या संचालकानं, उसाचं बेणं वाळायला लागलं म्हणून ते गड्यांकरवी मळ्यात नेऊन लावलं होतं. त्याला चोरी कुणी म्हटलं नाही. 'नेलं होतं,' असं सगळे म्हणत होते. अगदी हवालदारसुद्धा.

आबांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि अर्धं राहिलेलं पुस्तक मागितलं. मला राग आला.

"आबा, आज तरी नको ते. त्यातबी आधी गड्यालाच धरतात."

"धरत्यात की." ते पान शोधत होते. "पर शेवटाला त्याला सोडत्यात, आन् खऱ्याला समद्यांम्होरं उभा करत्यात. हितं मला सोडलं. त्याला कुनी उभा केला?"

मग ते वाचायला लागले. आईनं भाकरी टाकायला घेतली.

पुढं लग्न होऊन मी उमरग्याला आले, तिथल्या शाळेत लागले. आई गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर आबाही आमच्याकडं राहायला आले. तोवर मी रहस्यकथा लिहायच्या खटपटीला लागले होते. पहिली कथा समुद्राकाठच्या बंगल्यातली. धो धो पाऊस, विजा, दार वाजतं. आबांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. "येवढा पाऊस कुठनं आनलास, बाय?"

ती कथा मी फाडली. दुसरी उमरग्यासारख्या गावातली लिहिली. हमरस्त्यावरचं धान्याच्या अडतीचं दुकान, सकाळी अडत्या गादीवर मेलेला सापडतो. त्याचा भाऊ, भागीदार, डॉक्टर, आणि दुकान उघडणारा हमाल. सोलापूरहून एक दिवाळी अंक निघायचा, त्याच्या संपादकांना भेटायला मी एसटीनं गेले. त्यांनी कथा वाचून ठेवली होती.

"जमलीय," ते म्हणाले. "पण बाई, वाचकाला संशय घ्यायला कुणीतरी द्या. हमाल आहेच की. त्याच्या धोतरावर एखादा डाग दाखवा."

"डागाची गरज नाही," मी म्हणाले. "वाचक त्याच्यावर आपणहून संशय घेईल."

"काहीच कारण न देता?"

"हो. नुसतं दुकान उघडू दे त्याला."

त्यांना ते पटलं नसावं, पण कथा तशीच छापली. त्या दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा आमच्या एक बाई शिक्षकखोलीत म्हणाल्या, "कमाल केलीत हो! मी शेवटपर्यंत हमालच धरून बसले होते."

"का? त्यानं काय केलं होतं?"

त्या आठवायला लागल्या. "त्यानं… काही नाही. दुकान उघडलं." मग त्या कपात चहा ओतायला लागल्या. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. युक्ती चालली होती, पण ती माझी नव्हती. वाचकाच्या मनात ती आधीपासूनच होती. मी फक्त तिला जागा करून दिली होती.

आबांनी अंक सावकाश वाचला. मी आत-बाहेर करत होते.

"डॉक्टर मला आधीच कळला व्हता," ते म्हणाले. "त्येचं सोड. हमालाला धरून नेलं असंल तवा त्याच्या घरी काय झालं, ते कुठं हाय?"

"तो कथेचा भाग नाही, आबा. लांबण लागते."

"बरं," ते म्हणाले, आणि अंक मिटला.

पुढची कथा मी संशयिताच्या घरातून सुरू केली. दारात हवालदार, आत बाई, विझलेली चूल. त्या संपादकांनी ती साभार परत केली. दुसऱ्या एका मासिकानं वर्षभरानं छापली. तिच्यात गुन्हेगार कोण ते फार लवकर कळतं, कारण आता मला ते लपवायचंच नव्हतं.

आबांना ती फारशी आवडली नाही. "खरी हाय," म्हणाले, "पर झोप उडत न्हाय हिनं." आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्यानं आणलेलं, पिस्तुलाच्या चित्राचं पुस्तक त्यांनी उशाखालून काढलं.