विनंती बदली

कुलूप मिलिंदने लावलं. मी ते ओढून पाहिलं, मग सुमनने ओढून पाहिलं, आणि खाली टॅक्सी थांबलेली असताना मी पुन्हा जिना चढायला लागले तेव्हा मिलिंदने माझा दंड धरला. "आई, लागलंय ते." एप्रिलचं नागपूर, सकाळीच फरशी तापलेली, आणि मी हातावर लोकरीचा स्वेटर घेऊन उभी, कारण लेकाच्या मेलबर्नला थंडी सुरू व्हायची होती. शेजारच्या बायका माझ्यापेक्षा त्या स्वेटरकडेच बघत होत्या. ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सुमन माझी धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. किल्ली मी तिच्या हातात दिली आणि मला रडू फुटलं. "जाऊन राहिली तं नीट जा ना बाई, रडून काय राहिली?" असं म्हणून तिने स्वतःच पदर तोंडाला लावला. सहा महिन्यांत येते, असं मी तिला सांगितलं होतं.

सुमन, आता तिसरं वर्ष, ती किल्ली अजून तुझ्याकडेच आहे आणि मी हे बॉथेलमधून लिहिते आहे. तुझ्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या त्या सगळ्या आयांसाठी, ज्यांची एक चप्पल एका देशात आणि दुसरी दुसऱ्या देशात असते.

मिलिंद मेलबर्नला, लेक प्रज्ञा इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलला. पाहुण्यांच्या व्हिसावर एका ठिकाणी फार दिवस राहता येत नाही, तेव्हा मुलांनी आपापल्या सोयीने मला वाटून घेतलं. मार्च-एप्रिल आला की मेलबर्न, दिवाळीच्या आधी बॉथेल. एक गोष्ट मात्र दोन्ही हुशार मुलांच्या लक्षात आली नाही. मिलिंदकडे मी असते तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि तो संपत आला की मी विमानात बसून प्रज्ञाच्या हिवाळ्यात येऊन उतरते. दोन्ही देशांची थंडी माझ्याच वाट्याला. नागपूर मधे लागतं, तेही दात दाखवायला आणि बँकेत तोंड दाखवायला, कधी लागतही नाही.

इथे घरामागच्या पायवाटेवर दुपारी आम्ही आईबाप लोक फिरतो. कोणी नागपूरचे, कोणी पुण्याचे, कोणी विजयवाड्याचे. ओळख झाली की नाव नंतर, आधी प्रश्न, "परत कधी?" सगळ्यांना परतीची तारीख पाठ असते. मुलं वाईट वागवतात असं एकही जण म्हणत नाही, कारण तसं नसतंच. प्रज्ञा माझ्या गोळ्या स्वतः डबीत भरून ठेवते, जावई थंडी पडली की माझ्या खोलीचा हीटर आधी लावतो. पण मला गाडी चालवता येत नाही आणि दुकान गाडीशिवाय गाठता येत नाही, त्यामुळे कोथिंबीर हवी तरी कोणाला तरी वेळ आहे का ते विचारावं लागतं. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला हे जरा जड जातं.

मेलबर्नला मला एक छंद लागला. मिलिंद तिथला फुटबॉल बघतो, फूटी म्हणतात त्याला. अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, आणि बिनबाह्यांच्या बनियनमध्ये धावणारे ताडमाड पोरगे. मी मटार सोलत शेजारी बसायची. खेळाचे नियम मला आजही धड कळत नाहीत, पण सप्टेंबरअखेर सामने संपले की जे सुरू होतं ते मात्र पहिल्याच वर्षी कळलं. ऑक्टोबरात तिथे काही दिवस खेळाडूंची देवाणघेवाण चालते. ट्रेड. त्याच्याआधी ड्राफ्ट समजावा लागतो, तोही सोपा आहे. शाळा संपवून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरांना क्लब निवडतात. स्पर्धेत शेवटी आलेल्या क्लबची निवड पहिली. पोराने क्लब निवडायचा नाही, क्लबने पोरगा निवडायचा. पोरगा देशाच्या दुसऱ्या टोकाच्या पर्थचा आणि क्लब मेलबर्नचा असला, तर आईच्या हातचं जेवण सोडून त्याने बॅग भरायची. आणि हे क्लब नुसते खेळाडूच नाही, पुढच्या वर्षी निवडायचा हक्कसुद्धा देऊन टाकतात. त्याला फ्यूचर पिक म्हणतात. म्हणजे ज्याच्या बदल्यात आज सौदा झाला, तो मुलगा कुठल्यातरी शाळेत अजून डबा खात बसलेला असतो आणि त्याला याचा पत्ताही नसतो.

"अरे, ही तर बदली," मी म्हटलं.

मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. तो विसरला होता की त्याची आई जिल्हा परिषदेची मास्तरीण आहे. बदल्यांचं मला कोणी शिकवायचं नाही. एक प्रशासकीय बदली, म्हणजे वरून आदेश आला की सामान बांधा. एक विनंती बदली, म्हणजे आपण अर्ज करायचा आणि वाट बघायची. आणि एक आपसी, म्हणजे दोघींना एकमेकींची जागा हवी असेल तर दोघींनी मिळून मागायची. माझी पहिली शाळा गडचिरोलीकडे, ह्यांची नोकरी नागपुरात, पोस्टात. मिलिंद माझ्याजवळ. शनिवारी हे एसटीने यायचे आणि रविवारी संध्याकाळी मिलिंद त्यांची पिशवी लपवून ठेवायचा. मी दरवर्षी विनंती बदली मागायची आणि दरवर्षी वरून नकार यायचा. शेवटी नागपूरजवळच्या एका शाळेतल्या बाई भेटल्या. त्यांची आई गडचिरोलीकडे अंथरुणाला खिळलेली. आम्ही दोघींनी आपसी मागितली आणि मिळाली. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. आपण दोघी जिंकलो आणि कोणीच हरलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

पुन्हापुन्हा अर्ज करताना मला लाज वाटायची. तेव्हा माझे वडील म्हणायचे, "आपल्याला कधी कोणी विचारलं नाही, पोरी. जिकडे ढकललं तिकडे गेलो. तू शिकली ना? मग मागत जा. तोंड उघडून मागत जा." गिरणीत जन्म गेला त्यांचा. दर अशोक विजयादशमीला पांढरा सदरा घालून ते आम्हाला दीक्षाभूमीवर न्यायचे, आणि गर्दीत माझं मनगट धरून हेच सांगायचे. तिथे घेतलेली धम्मदीक्षा ही पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने केलेली एकच गोष्ट, असं ते म्हणायचे.

मिलिंदच्या आवडत्या क्लबमध्ये पर्थचा एक पोरगा होता. नाव लिहीत नाही, मी त्याला पर्थचा पोरगाच म्हणायची. पहिल्या वर्षी मिलिंद मला सराव बघायला घेऊन गेला. सराव संपल्यावर पोरं कुंपणाजवळ येतात, सह्या देतात. एका बाईने कुंपणावरून त्या पोराला प्लास्टिकचा डबा दिला. त्याने तिथेच झाकण काढलं आणि उभ्याउभ्या खायला लागला, सह्यांची वही पुढे करणारी मुलं ताटकळत राहिली. "त्याची आई आहे ती," मी म्हटलं. "कशावरून?" मिलिंद म्हणाला. आता हे काय सांगायचं? तिने डबा परत मागितला नाही, तो कसा खातो तेवढं बघत उभी राहिली. त्या पोराला घरची ओढ लागल्याचं पुढे बातम्यांत येऊ लागलं. खेळ चांगला, पण मन लागेना. तिसऱ्या वर्षी त्याने पर्थला जायचं आहे असं सांगून टाकलं. काही लोक त्याला नावं ठेवायला लागले. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

त्याचा निकाल लागायच्या दिवसांत मी बॉथेलला येऊन पडले. मग तो शनिवार आला. प्रज्ञा डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, समोर पडद्यावर मिलिंद, त्याच्याकडे रविवारची सकाळ. मी ओट्याशी पोळ्या करत होते. जावई सोफ्यावर, नात माया त्याच्या शेजारी चित्र काढत.

"दादा, ऑफिसने पाचही दिवस बोलावलंय," प्रज्ञा सांगत होती. "माया तीनला घरी येते. आई मार्चमध्ये गेली तर मी काय करू? आपण व्हिसा एक्स्टेंड करू ना."

"अगं, पण इकडे बेबी मार्चमध्ये ड्यू आहे. यार प्रज्ञा, हे वर्ष मला दे. पुढची दोन समर्स तू ठेव."

"आणि मला आत्ता काय?"

"फ्यूचर पिक," मिलिंद म्हणाला, आणि दोघंही हसले. मीही हसले. दोन मुलं आईला पाठवून द्यायला नाही, ठेवून घ्यायला भांडताहेत, असं सुख किती जणींच्या नशिबी असतं? पण मिलिंद पुढे बोलला.

"आणि ऐक ना, नागपूरचा फ्लॅट काढून टाकूया का? रिकामा पडलाय. सुमनमावशीला पण उगाच त्रास."

"हो ना," प्रज्ञा म्हणाली. "आई आता तिथे एकटी कुठे राहणार आहे?"

तव्यावरची पोळी करपली. सुमन, घर रिकामं कुठे आहे? त्या घरात ह्यांची आरामखुर्ची आहे, माझी पुस्तकं आहेत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि त्या तसबिरीवरची धूळ तू पुसतेस हे मला ठाऊक आहे. पण जास्त लागलं ते वेगळंच. मी पाच पावलांवर उभी होते आणि दोघांपैकी एकाचीही मान माझ्याकडे वळली नव्हती. मुलं प्रेमळच आहेत, आणि त्यांना यात काही चुकतंय असं वाटलंही नव्हतं. मला वडिलांची ती मनगटावरची पकड आठवली.

गॅस बंद करून मी टेबलाशी गेले. "मिलिंद, त्या पर्थच्या पोराचं काय झालं रे?"

"झालं ना, आई! गेला तो घरी. आपल्याला दोन पिक मिळाले."

"त्याला विचारलं होतं?"

"त्यानेच तर मागितलं. आणि तसंही खेळाडूच्या होकाराशिवाय ट्रेड होतच नाही इकडे."

"आमच्याकडे अमेरिकेत होतो," जावई सोफ्यावरून म्हणाला. "इथे बऱ्याचदा प्लेयरला फोनवर बातमी वाचून कळतं."

"म्हणजे प्रशासकीय," मी म्हटलं. "बघा, तुम्ही दोघं ऑस्ट्रेलियाचा खेळ अमेरिकेच्या नियमांनी खेळताय."

मिलिंदला आधी कळलं. त्याचं हसू गेलं. प्रज्ञा म्हणाली, "आई, आम्ही फक्त प्लॅन करत होतो."

"करा की. त्यात माझी विनंती बदली धरा. मला नागपूरला जायचंय, पुढच्या महिन्यात. बाळाच्या वेळी मी मेलबर्नला येईन, त्यासाठी मला कोणी सांगायची गरज नाही. नंतर प्रज्ञाला नड असली तर इथेही येईन. पण येईन ती माझ्या घरून, आणि जाईन ती माझ्या घरी. फ्लॅट विकायचा नाही."

प्रज्ञाचे डोळे भरले. "आणि तिथे एकटीला काही झालं तर? तुझं बीपी, तुझे गुडघे. मावशी स्वतः भिंत धरून चालते."

"दोघींचे मिळून दोन गुडघे चांगले आहेत," मी म्हटलं. पण तिचं चुकत नव्हतं. मुलांना भीती वाटते ती उगाच नाही. मलाही वाटते. त्या घरात ह्यांच्याशिवाय मी नीटशी राहिलेलीच नाही. कुलूप उघडल्यावर आतून काय अंगावर येईल ते मला माहीत नाही, आणि हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. तरीही जायचंय, असंही सांगितलं. तिने माझा पिठाचा हात तसाच धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग पडद्यावरून मिलिंद म्हणाला, "आई, तिकीट मी काढतो."

माया इतका वेळ ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी व्यवहाराने विचारलं, "सो आजी इज लीव्हिंग. बट व्हॉट डू वी गेट फॉर हर?"

प्रश्न रास्त होता. तिच्या क्लबची खेळाडू जात होती आणि तिच्या हातात काहीच येत नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. "तुला नाताळची सुट्टी लागते ना? ती सगळी सुट्टी तू माझ्याकडे यायचं. नागपूरला."

"इज इट कोल्ड देअर?"

"दुपारी गच्चीवर उन्हात बसून जेवण्याइतकीच."

तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि कोणी नाही म्हणत नाही असं दिसल्यावर "डील" म्हणून चित्राकडे वळली.

यंदाची अशोक विजयादशमी हुकली. पुढच्या वर्षीची मात्र मी कोणाला देणार नाही. घर म्हणजे काय, हे मी दोन देशांत फिरून शिकले. मेलबर्नचं घर माझंच आहे, हेही माझंच आहे, इथल्या उशीला माझ्या तेलाचा वास लागलाय. पण या दोन्ही घरांत मी येते आणि जाते. मी कोणाला बोलवावं आणि कोणाची वाट बघावी, असं घर नागपूरचंच. मला तिथे आजीसारखं नांदायचंय, पाहुणीसारखं नाही.

सुमन, खिडक्या उघडून ठेव. आरामखुर्चीला हात लावू नकोस, ती मी स्वतः पुसेन. आणि स्वेटरकडे बघणाऱ्या त्या शेजारणी येतीलच, पहिला प्रश्न तोच करतील, बाई परत कधी जाणार? त्यांना सांग, ते बाईंना विचारून ठरणार आहे.