धोतऱ्याला न्योता

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, बसणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ दुसरं काही साठत नाही, गोष्टी मात्र साठतात. धान कोठीत घालता येतं, मोहफूल वाळवून मडक्यात ठेवता येतं. गोष्टीला कोठी नाही. ती एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात पडते आणि तिथंच राहते. आमच्या आसगावच्या पारीवर आम्ही तिघं बसतो. सोमाजी वैदू, दोमाजी आणि मी. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे वाचणं सावकाश आणि बोलणं त्याहून सावकाश. आमच्या बऱ्याच गोष्टी धोतऱ्याच्या आणि भांगेच्या आहेत, कारण सोमाजीकडे लोक तेच विचारायला येतात. त्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. घडल्या तशा सांगतो.

*

सोमाजी कुठलंही झाड असंच तोडून आणत नाही. आदल्या सांजेला त्याच्याजवळ जातो, बुडाशी चार तांदूळ ठेवतो, हात जोडतो आणि म्हणतो, "उद्या सकाळी तुले न्यायले येतो. सोबत चाल. काम कर." मग सकाळी तोडतो. याला न्योता देणं म्हणतात. न्योत्याशिवाय आणलं तर तो नुसता पाला, औषध नाही, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं.

त्याच्या परसात धोतरा माजलेला असतो. शिवरात्रीला गावच्या बाया महादेवाला वाहायला त्याची काटेरी फळं मागून नेतात. दुसऱ्या दिवशी त्याच बाया आपली लेकरं त्या झाडापासून ओढून नेतात. "हात नोको लावू, पिसा होशीन!"

मी सोमाजीला विचारलं, "काहून गा, काल देवाचं अन् आज जहर? झाड तं तेच हाय."

"महादेवाले झेपते," तो म्हणाला. "आपल्याले नाही झेपत."

"मंग तू घरी कायले ठेवतं?"

त्यानं घराकडे पाहिलं. आत त्याची बायको, अंजनावहिनी, खोकत होती.

*

वहिनीला जुना दमा आहे. धानाची मळणी सुरू झाली की भुशानं तिचा श्वास अडकतो. मग ती खाटेच्या ठाव्याला, म्हणजे खुराला, धरून बसते आणि बोलणं बंद होतं. सोमाजीच्या बापाच्या काळापासून त्यांच्या घरी यावर एकच उपाय, धोतऱ्याच्या वाळल्या पानाचा धूर. कधी त्यानं छाती मोकळी होई. कधी मात्र छातीबरोबर डोकंही मोकळं होई.

एका सांजेला मी तिथंच होतो. धुरानंतर वहिनीचा श्वास जरा सैल झाला. ती अंगणाकडे बघून हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "अजी, माय आली. उभी हाय बिचारी. तिले पाट द्या."

वहिनीची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं. मी सोमाजीच्या तोंडाकडे पाहू लागलो. हा आता हिला काय समजावणार?

सोमाजी उठला आणि त्यानं अंगणात पाट मांडला.

*

आता दोमाजीचं. तो भजनी मंडळात झांज वाजवतो. आवाज असा की मंडळवाले त्याला एक ओळही म्हणू देत नाहीत. एका शिवरात्रीला त्यानं प्रसादाची भांग घेतली, मध्येच उभा राहिला आणि एक भजन असं म्हटलं की पेटीवाला वाजवायचं विसरला. दोमाजीची बायको पदर डोळ्याला लावून रडली. लग्नापासून तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

पुढल्या शिवरात्रीला मंडळानं त्याच्यासाठी पेला राखून ठेवला. माईक समोर आणला. दोमाजी पेला प्याला, माईक दोन्ही हातांनी धरला, सगळं गाव गप्प झालं. तो म्हणाला, "शनवारचा बाजार कुठी भरते?" आणि तिथंच झोपला.

पारीवर यावर पुष्कळ बोलणं झालं. सोमाजी म्हणाला, "भांग तेच हाय. मानूस बदलते."

दोमाजी म्हणाला, "मी तं तोच हाव. मले आता कोनी गाऊच देत नाही, म्हून गात नाही."

कोणाचं खरं, कोण जाणे.

*

माझा एक चुलतभाऊ आहे, मारोती. मुलांनी ट्रॅक्टर घेतला आणि त्याची बैलजोडी विकली. तेव्हापासून तो गोठ्यापुढे नुसता बसून असायचा. बाजारात कोणीतरी त्याला सांगितलं की गुडघ्याला धोतरा चांगला. लावायचा की खायचा, हे त्यानं विचारलं नाही. खाल्ला.

दुपारी पाहतात तो मारोती रिकाम्या गोठ्यात हात फिरवत होता. पाठ थोपटत होता, गोचिड काढत होता, नावं घेऊन बोलत होता. अंग तापलं होतं, पाणी गिळता येत नव्हतं, पोरं समोर उभी असून ओळखत नव्हता. पोरांनी त्याला उचलून पवनीच्या दवाखान्यात नेलं. वाचला, हे नशीब.

तो घरी आल्यावर सोमाजी आणि मी भेटायला गेलो. सोमाजी चिडला होता. "मरत होतास तू. झाडाले इचारलं नाही, मले इचारलं नाही. डॉक्टर भेटला म्हून हायेस."

"हो गा," मारोती म्हणाला. "डॉक्टर चांगला होता." मग गोठ्याकडे पाहून म्हणाला, "पन त्यानं माहे बैल नेले."

त्या दिवसापासून सोमाजीनं कोणालाही धोतरा देणं बंद केलं. घरातला धूरही बंद केला. त्याला भीती बसली. पण मळणी तोंडावर आली होती आणि वहिनीचा दमा काही बंद झाला नव्हता.

*

त्याच सुमाराला सोमाजीचा भाचा नागपूरहून आला. औषधाच्या कंपनीत आहे, पोरगा सरळ आहे. त्यानं मोबाईलवर दाखवलं की परदेशात डॉक्टर लोक दुःखात बुडालेल्या माणसांना एका जातीच्या सात्या, म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो तसल्या, तपासून, मोजून देतात. माणूस निजतो, डॉक्टर बाजूला बसून राहतो. हळू गाणं लावतात. निजलेल्याला काय काय दिसतं. उठल्यावर काहींचं दुःख हलकं होतं. अजून तपासणं सुरू आहे, सगळ्यांना चालत नाही, असंही तो म्हणाला.

सोमाजीनं सगळं ऐकून विचारलं, "बाजूले कोनी बसून रायते? पूरा टाईम?"

"हो मामा. एकट्याले सोडत नाही."

"मंग छत्रीनं बरं होते का बसल्यानं?"

खाटेवरून अंजनावहिनी म्हणाली, "मले दुःख नाही बाप्पा, मले दम लागते. माह्यासाठी काय हाय त्या मोबाईलमंदी?"

भाच्यानं मोबाईल खिशात ठेवला. "मामी, उद्या तुले सरकारी दवाखान्यात नेतो," म्हणाला.

*

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं छाती तपासली, धुराचं ऐकून कपाळाला हात लावला. "आजी, धूर पुन्हा नाही. एखाद्या दिवशी जीव जाईल." मग तोंडात मारायचा पंप दिला आणि कसा ओढायचा ते दाखवलं.

घरी येऊन वहिनीनं तो पंप फळीवर ठेवून दिला. "याले न्योता कोनं देल्ला? मी नाही घेत."

मळणी सुरू झाली. वहिनीच्या ओठांचा रंग बदलू लागला. भाचा समजावून थकला. सोमाजी पंप घेऊन एकटाच डॉक्टरीणबाईकडे गेला, मी मागून. त्यानं विचारलं, "बाई, याच्यात झाड कोनतं?"

ती जरा हसली. "बाबा, खरं सांगू? यातलं एक औषध धोतऱ्याच्याच कुळातलं आहे. त्यातलं भ्रम पाडणारं काढून, मोजून केलेलं. तुमचं झाडच समजा."

सोमाजीनं पंप उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाला, "तं मंग हा आज अठीच राहू द्या."

त्यानं पंप तिच्या टेबलाच्या कडेला ठेवला. खिशातून चार तांदूळ काढून त्याच्यापुढे ठेवले. हात जोडले. "उद्या सकाळी तुले न्यायले येतो. सोबत चाल. काम कर."

नर्सबाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं आपले कागद जरा बाजूला सरकवले आणि म्हणाली, "लवकर या बाबा. आजींना वाट पाहायला लावू नका."

उजाडता उजाडता आम्ही पंप घेऊन आलो. वहिनी ठाव्याला धरून बसली होती. एकेक शब्द तोडून तिनं विचारलं, "देल्ला... न्योता?"

"देल्ला."

तिनं पंप घेतला. सोमाजी बाजूला बसला, तिच्या पाठीवर हात ठेवून. हळूहळू खांदे खाली आले, श्वासाची शिट्टी कमी झाली. ओठ पहिल्यासारखे दिसू लागले. मी देवाचं नाव घेतलं.

वहिनीनं तोंड पुसलं आणि अंगणाकडे पाहिलं.

"काहून जी," ती नवऱ्याला म्हणाली, "आता माय नाही येनार का?"

सोमाजी उठला आणि त्यानं अंगणात पाट मांडला.