फरक शोधणारा ठसेवाला

बावीस मे. दुपारी भिंगाची काच पुसून टेबलाशी बसले. पुढ्यात दोन कागद होते. दोन्हींवरचे ठसे एकाच माणसाचे आहेत का, ते मला सांगायचं होतं. नसावेत, असं वाटत होतं. काच तीनदा पुसली.

तो माणूस म्हणजे आमचा ठसेवाला, नांदेडच्या अंगुलीमुद्रा विभागातला सगळ्यात तरुण तज्ज्ञ. चोरी झालेल्या घरात तो हात पाठीमागं बांधून शिरायचा, रुसलेल्या व्याह्यासारखा. आधी घरच्यांचे ठसे घ्यायचा. हदगावात एक आजी भडकली, "चोर सोडून आमचेच हात काळे करून राहिलास का रे?"

"आजी, तुमचे बाजूला काढले की उरला तो चोर. तवर चहा ठेवा."

आजीनं ठेवला.

माझी नोकरी वीस वर्षांची, तरी तो मला शिकवायचा. देगलूरच्या दुकानफोडीत एका शिंप्याचा ठसा मी जुळवून मोकळी झाले होते. हा म्हणाला, "ताई, जुळणारं समदं बघितलंत. आता न जुळणारं बघा." दुकानातल्या ठशात एका जागी रेष फुटत होती, शिंप्याच्या बोटावर ती सरळ होती. शिंपी कोठडीतून सुटला. मी आठवडाभर ठसेवाल्याशी धड बोलले नाही.

पुढं हवाई दलात त्याची निवड झाली. लातूरहून त्याच्या आईचा फोन आला, "तुमचं ऐकतो तो. अडवा." मी अडवलं नाही. त्याचं प्रशिक्षण चालू असतानाच युद्ध पेटलं. मी बातम्या लावूनच स्वयंपाक करायचे. त्याचा फोन आला, "शिकाऊ माणसाला लढाईत कोण नेतंय, ताई? पत्र्यानं अंगठा कापला, एवढीच जखम. आईला सांगू नका."

पुढच्याच आठवड्यात त्याचं सरावाचं विमान पडलं.

सीलबंद पेटी लातूरच्या दवाखान्यात आली. उघडायची नाही, असा आदेश होता. आई ताब्यात घेईना. मला म्हणाली, "आत दुसरीचं लेकरू असलं तर? तुमच्याकडं त्याचे ठसे हायत. तुम्ही सांगा, मग घेते." तिच्या हट्टापायी हवाई दलानं पेटी बंद करण्याआधी घेतलेले दोन बोटांचे ठसे पाठवले. दोनच घेण्यासारखी होती. त्याच्या नोकरीच्या कागदावरचे जुने ठसे माझ्याकडं होतेच.

मी फरक शोधू लागले. अंगठ्यावर तो सापडलाही. नव्या ठशात आडवी पांढरी रेघ होती, जुन्यात नव्हती. मी फोन हातात घेतला, लातूरचा नंबर काढला. मग पत्रा आठवला. पुन्हा भिंग लावलं. रेघेच्या वरखाली सगळ्या रेषा जिथल्या तिथं होत्या. दुसरं बोट अंधार पडेपर्यंत तपासलं. काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं लातूरला गेले. आई दारातच उभी होती.

"नीट बघितलं का, बाई?"

"नीट बघितलं. तोच आहे."

तिनं भावाला दवाखान्यात जायला सांगितलं. मी ताब्याचा कागद पुढं केला, सहीची जागा दाखवली. तिला चष्मा सापडेना. मी माझा काढून दिला.