पाचवं स्टूल

आमच्या कारखान्यात लाकडी जहाजं व्हायची. खरी नव्हेत, हातभर लांबीची, फ्रान्समधल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ठेवायला. ऐंशीनंतरची गोष्ट, आमच्या बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावातली एक पत्र्याची शेड. डोलकाठ्यांना दोरे बांधायचं काम आम्हा बायकांचं, आणि त्या टेबलाची मुख्य मी.

दोघी होतो तेव्हा आठवड्याला तीन जहाजं निघत. तिसरी आली तशी पाच निघाली, चौथी आली तशी सहा. मालकाला चटक लागली. त्यानं पाचवं स्टूल मांडलं आणि त्यावर मी माझ्या थोरल्या जावेला आणून बसवलं. दीर वारले होते. सासूनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, कमावलंस तर इथं राहा, नाहीतर तेर रूजला भावाकडे जा. तिथली भावजय तिला कशी वागवायची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

चार दिवसांत जावेच्या गाठी माझ्याहून बारीक पडू लागल्या. मला ते झोंबलं. पण जहाज घट्ट धरायची चौकट एकच, कात्रीही एकच, आणि भोवती पाच जणी म्हणजे दहा कोपरं. एकीनं दोरा ओढला की दुसरीची गाठ सुटायची. आठवड्याअखेर जहाजं सहाच.

"किसान्ला पा त्राव्हाय?" मालकानं मला बाजूला घेऊन विचारलं. कामचुकार कोण? कामचुकार कोणीच नव्हतं, टेबल भरलं होतं. एवढंच सांगायचं होतं. मग त्यानं कदाचित दुसरी चौकट आणली असती. कदाचित एकीला काढलं असतं, आणि गाठी बघून काढलं असतं तर मलाच. मी हनुवटीनं जावेकडे दाखवलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला मला क्षणही लागला नाही.

पुढच्या आठवड्यात चौघींनी सहा जहाजं काढली. तुला माणसं कळतात, मालक म्हणाला. मी खूष झाले, तेव्हा लाजही वाटली नाही.

रविवारी बस स्टॉपवर तेर रूजला निघालेल्या जावेचं गाठोडं मीच धरून उभी होते.

"ह्या आठवड्यात किती निघाली गो?" तिनं विचारलं.

"सहा, जावबाय."

"आन् मी होते तवा?"

"सहाच."

दोऱ्यानं कापलेली बोटं ती पदराला पुसत राहिली. "म्हंजे माझ्यानं काईच झालं नाय."

त्या पाचव्या स्टुलावर कोणीही बसली असती, मी बसले असते, तरी जहाजं सहाच निघाली असती. मला ते चांगलं कळत होतं.

"नाय झालं," मी म्हटलं आणि बस आली तसं गाठोडं तिच्या हातात दिलं.