करवतीच्या आवाजाचा बिबट्या

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला निवांत सांगता येईल. मी नाही सांगितलं, तरी कोपरगावात दुसरा कुणीतरी सांगणारच, आणि तिखटमीठ लावून सांगणार. निदान मीठ तरी माझ्या हातचं असू द्या.

माझी उभी हयात बातमीदारीत गेली. तहसीलदार, कारखान्याचे संचालक, वीजवाले, सगळ्यांशी भांडून झालं. हरलो तो एकाच शत्रूपुढं. आमच्या पेपरचा नगरचा डेस्क. मी जीव ओतून शीर्षक द्यावं आणि तिथल्या गारव्यात बसलेल्या उपसंपादकानं त्याचा मुडदा पाडावा. मी लिहिलं, 'रस्ता की चाळण?' छापून आलं, 'रस्ता दुरुस्तीची मागणी'. माझं एक शीर्षक जसंच्या तसं आलं असेल तर शपथ.

असो. मुद्दा बिबट्याचा.

आमचं घर गावाबाहेर, कुंपणाला लागून ऊस. आणि आमच्याकडं ऊस आला की मागोमाग बिबट्या आलाच. एकदा दिवेलागणीला चहा घेत बसलो होतो, तर उसातून आवाज आला. घर्रर्र... घर्रर्र... खालून वर चढत जाणारा, मग हळूहळू ओसरणारा. कपातला चहा थरथरला. हात थरथरला असेल, पण मी आजही चहाच म्हणतो.

"ऐकलंस?" मी बायकोला विचारलं.

"कुणाची तरी मोटार बिघडलीय," सुमन म्हणाली.

"बिबट्या आहे तो."

"मग हळू बोला. त्याला तुमचा पत्ता कळेल."

मी वनपाल गायकवाडांना फोन लावला.

"आवाज कसा होता?"

"करवतीनं लाकूड कापावं तसा."

गायकवाड गंभीर झाले. "बिबट्या तसाच ओरडतो. ठसे दिसले का?"

"ठसे शोधायला उसात मी जाऊ? पगार कोण घेतो?"

"बघतो," ते म्हणाले.

हा 'बघतो' ऐकला की माझं डोकं फिरतं. दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. त्यापुढं रोज एक. वनखातं झोपेत, वस्ती दहशतीत, पिंजरा कधी लावणार? परिणाम काय झाला म्हणता? संध्याकाळ झाली की रस्त्यावर चिटपाखरू नाही. दूध घालायला जाणारे डबे वाजवत जायला लागले. कुणाला शेपूट दिसलं, कुणाला दोन बछडी दिसली. माझ्या बातम्यांवर बिबट्या बाळसं धरत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

वैतागले फक्त शेजारचे सलीमभाई. साठी उलटलेला माणूस, थोडा ऊस, तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांचे जुने साथीदार कितीतरी वर्षांनी जमणार होते आणि रविवारी संध्याकाळी वस्तीच्या मैदानात त्यांचा कार्यक्रम होता. आता अंधारात मैदानावर येणार कोण?

"नाना, बिबट्या-बिबट्या काय न्हाई," ते म्हणाले. "मी रोज सांजंला उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत असतो. मला तर एकदाबी ऐकू आला न्हाई."

"कान तपासून घ्या, सलीमभाई."

"माझे कान? कार्यक्रम बुडाला ना, तर तुमच्या दारात बसून वाजवीन."

"जिवंत राहिलात तर वाजवा."

शेवटी शनिवारी पिंजरा आला. उसाच्या बांधावर बसवला, आत जाळीपलीकडं शेळी बांधली. मुरलेला वार्ताहर बातमी आधीच तयार ठेवतो. मीही ठेवली. शीर्षक दिलं, 'अखेर जेरबंद'. खाली मजकूर: 'गेले काही दिवस नागरिकांना वेठीस धरणारा हा उपद्रवी प्राणी शनिवारी सायंकाळी पिंजऱ्यात अडकला. त्याच्या डोळ्यांत भय आणि संताप दिसत होता. त्याला दूरच्या जंगलात सोडावं, अशी मागणी होत आहे.' फोटो मागून येईल, असं कळवून डेस्कला पाठवून दिली.

तिन्हीसांजेला गायकवाड, एक वनरक्षक आणि मी जीपमध्ये दबा धरून बसलो. ठरल्या वेळी आवाज आला. घर्रर्र...

"खाली उतरू नका," गायकवाड कुजबुजले.

वनखात्याचं मी कधी ऐकलंय? फोटोसाठी चांगली जागा हवी म्हणून उतरलो आणि पिंजऱ्यापाशी गेलो. तेवढ्यात ऊस सळसळला आणि तो आवाज असा काही चढला, की मी फोटो विसरून पळायची वाट शोधायला लागलो. जीप लांब, पिंजरा जवळ. आता तुम्हीच सांगा, बिबट्यापासून वाचायचं तर जाड गजांसारखी दुसरी गोष्ट आहे का? मी आत शिरलो. पायाखालची फळी दबली आणि मागं दार खाडकन पडलं.

शेळीनं जाळीतून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाला खायला लागली.

आणि तेवढ्यात बिबट्यानं वरातीची चाल धरली. शपथेवर सांगतो. घर्रर्र करता करता ठेक्यात आला.

मग आवाज थांबला आणि उसातून काखेत लॅपटॉप धरून सलीमभाई बाहेर आले. "कसला आवाज झाला रं? कोन हाय तिथं? नाना? तुमी आत काय करताय?"

"तो आवाज तुमचा होता?" मी गज धरून ओरडलो.

"माझा कुठला, मशीनचा." सलीमभाईंचा चेहरा उजळला. "ऑर्केस्ट्रात मी जुना सिंथेसायझर वाजवायचो. तसलं मशीन आता मिळत न्हाई. जामखेडला उन्हाळ्यात कार्यक्रम असला की तापून बेसूर व्हायचं, शेजारी टेबलफॅन लावायचो. आता कुनीतरी त्याच्या एकेका पट्टीचा आवाज टिपून ठेवलाय. लॅपटॉपला छोटा कीबोर्ड जोडायचा, पट्टी दाबली की तेच मशीन. बेसूरपनासकट, नाना. घरात वाजवलं तर बायको म्हनती, गिरणी बंद करा. म्हनून मोटारीच्या खोलीत सराव करतो, मोठा स्पीकर लावून."

"आणि करवतीसारखा का वाजतो?"

"त्या आवाजाचं नावच करवतीचे दात. आवाजाची लहरच तशी दातेरी असती."

"म्हणजे नानांचं वर्णन अचूक होतं," गायकवाड म्हणाले.

"मी रोज बिबट्याच्या आवाजाचं छापत होतो, तेव्हा का नाही बोललात?" मी सलीमभाईंना विचारलं.

"तुमी बिबट्याचं छापलं. बाजाचं कुठं विचारलं?"

"गायकवाड, दार उघडा आधी."

"उघडतो की. पण दार पडलं की आधी फोटो काढून वरती पाठवायचा असतो. पारदर्शक कारभार हवा, हे तुम्हीच लिहिलं होतं ना परवा?" आणि त्यांनी निवांतपणे मोबाईल काढला. उजेड कमी पडतो म्हणून दोनदा काढला.

रविवारी संध्याकाळी मैदानावर मुंगीला वाट नव्हती. जो तो बिबट्या ऐकायला आला होता. सलीमभाईंनी पहिलीच पट्टी घर्रर्र अशी दाबली आणि अख्ख्या वस्तीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

पण मी त्याच्या आधीच संपलो होतो. त्या दिवशी सकाळीच सुमननं पेपर उघडला होता.

"अहो, तुमचा फोटो आलाय. गजांमागं."

फोटोखाली 'छायाचित्र: वनविभाग' आणि त्याखाली माझीच बातमी होती. उपद्रवी प्राणी, डोळ्यांतलं भय, दूरचं जंगल, सगळं शब्दशः. आणि वर ठळक अक्षरांत, 'अखेर जेरबंद'.

डेस्कनं आयुष्यात पहिल्यांदा माझं शीर्षक बदललं नव्हतं.